नामाच्या रक्तावर बर्फ

काशीचा दिवस पहाटे चारला मोरा बंदरावर सुरू व्हायचा. लाकडी हातोड्याने बर्फाच्या लाद्या फोडायच्या, मासळीच्या पेट्या भरायच्या. आम्ही हमाल त्या उचलायचो. तिने भरलेली पेटी कधी ढिली नसे. मग अंग धुऊन ती नेरूळच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला जाई.

नवरा, नामा, मारायचा. चपलेने, वल्ह्याने, एकदा नांगराच्या दोराने. काशी मुकाट्याने खायची आणि सुजल्या तोंडाने कामावर यायची.

मग नामाला कॅन्सर झाला. प्रयोगशाळेत एक काचपट्टी होती. तिच्यावरच्या लेपाला रक्तातल्या कॅन्सरच्या पेशी चिकटत. अंगाइतकी ऊब असेपर्यंत लेप त्यांना धरून ठेवी, गार होताच सोडून देई. पूर्वी पेशी खरवडाव्या लागत, त्यात त्या मरत. आता जिवंत सुटत, आणि कोणतं औषध त्यांना मारतं ते बघता येई. नामाचे उपचार दुसऱ्या दिवशी सुरू होणार होते. त्याच्या रक्ताची पट्टी त्याआधी प्रयोगशाळेत पोचायला हवी होती.

नेरूळला जायला नामा तयार नव्हता. उरणच्या दवाखान्यात रक्त काढून पट्टीवरून सोडलं, पट्टी उबेच्या डब्यात ठेवली. काशी साडी बदलायला घरी थांबली. बाहेरच्या खोलीत आली तर डब्यातून पाणी ठिबकत होतं. आत बर्फ होता, पट्टी गार पडून वाया गेली होती.

"कोनी उघडला?"

"मी. रगत हाय ते, बरफाबिगर सडंल. बरफ फोडनारीला येवढं कलत नाय?"

"मुडद्या, म्हावरं हाय का ते?"

त्याने काठी घातली. काशीची भुवई फुटली. तिने कोपऱ्यातला हातोडा उचलून त्याच्या तोंडावर हाणला. आयुष्यात पहिल्यांदा. पुढचे दात फरशीवर पडले.

मी शेजारचा. धावत गेलो.

"मधुकरभाऊ, रिक्षा आना."

डोळ्यात रक्त उतरलं होतं, पण नामाची कॉलर तिने सोडली नाही. तो नेरूळपर्यंत शिव्या देत रक्त थुंकत होता.

प्रयोगशाळेच्या नमिता मॅडम म्हणाल्या, "अहो, रक्त सुईनं काढायचं होतं."

शीर सापडेना. नामाने लाथेने ट्रे उडवला. काशीने त्याच्या मांडीवर गुडघा रोवला आणि दंड दाबून धरला. नवी पट्टी भरली. मॅडमनी ती हळूहळू गार केली. पेशी जिवंत सुटल्या. एका औषधाने मेल्या. तेच नामाला दिलं.

नामा वाचला. अंगात जोर आल्यावर त्याने एकदा हात उचलला. काशीने नुसतं हातोड्याकडे पाहिलं. हात खाली आला.

मासळीबाजारात स्वतःचा गाळा घ्यायचा म्हणून ती मजुरी साठवत होती. औषधं घेऊन उरलं त्यात गाळा बसेना. नामाची कवळी बसली.