खडकातलं पाणी

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी भवानीनगरला घरी आले, ती भलामोठा कागद घेऊनच. ओसरीवर पसरून तो आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना दाखवला. आण्णा कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या रानाला कधी पाणी सोडायचं, हे सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"हा समुद्राच्या तळाचा खडक. तो शेजारच्या खडकाखाली वाकून आत आत जातो. किती खोलीवर किती तापतो, ते मी गणितानं काढलंय."

आण्णांनी चष्मा लावून कागद सावकाश पाहिला. "समुद्राखाली हाय म्हणतीस. मग यात पानी कुठं हाय?"

"पाणी वर आहे, आण्णा."

"खडकाला भेगा न्हाईत व्हय? भेगंत पानी शिरंल, फिरंल. उन्हाळ्यात कोरड्या सरीत पाय ठेव आन् भिजल्याल्या सरीत ठेव. मग सांग मला."

मी हसले. नुसती हसले असते तरी चाललं असतं. "हे उसाचं रान नाही," असंही वर म्हणाले. शिकल्याचा माज, दुसरं काय! आण्णांनी चष्मा काढून ठेवला आणि पुन्हा माझ्या अभ्यासाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

पुण्यात कॉलेजवर आमच्या मार्गदर्शक बाईंनी माझे आकडे तपासले. समुद्रतळावर प्रत्यक्ष मोजलेली उष्णता माझ्या उत्तराहून बरीच कमी होती. बाईंनी खडकाच्या वरच्या थरावर पेन्सिल टेकवली. "इथं सगळ्या भेगा असतात. त्यांतून पाणी खेळत राहतं आणि उष्णता घेऊन जातं. खडक खाली जातो तो आधीच निवालेला. तू पाणी धरलंच नाहीस." आण्णांनी नेमकं हेच विचारलं होतं. सगळं गणित पुन्हा करायचं होतं, पण त्याहून जास्त घाई मला घरी जाऊन आण्णांना सांगायची झाली होती.

शनिवारी एसटीतून उतरले तर शेजारच्या काकू स्टँडवरच भेटल्या. आण्णा कालव्याच्या कडेला कोसळले होते. त्यांना बारामतीच्या दवाखान्यात नेलं होतं. मी त्याच पावली पुढची गाडी धरली.

उजवी बाजू लुळी पडली होती, वाचा गेली होती. एक शब्द तेवढा उरला होता. चहा घेता का? "न्हाय," आणि डावा हात कपाकडे. उशी सारखी करू? "न्हाय," आणि तोच हात उशीवर. दोन दिवसांत आई आणि मी शब्द सोडून हाताकडे बघायला शिकलो. डॉक्टरांना विचारलं, त्यांना समजतं का सगळं? ते म्हणाले, सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी आई कपडे धुवायला गेली, तेव्हा मी कागद खाटेवर पसरला. भेगांमधलं पाणी मी निळ्या पेन्सिलीनं काढून आणलं होतं.

"आण्णा, तुमचंच बरोबर होतं. पाणी फिरतं, त्यानंच खडक निवतो. मी हसायला नको होतं. मला माफ केलंत ना?"

त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"न्हाय."

मी डाव्या हाताकडे बघत राहिले. तो चादरीवर होता तसाच पडून राहिला.