एका पत्त्यावरची माणसं

अक्का रविवारी दुपारी जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही. संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. नातेवाइकांना फोन झाले, बिडकीनच्या भावकीला झाले, तिच्या डेपोतल्या बायकांना झाले... आणि सोमवारी साडेअकराला माझा फोन वाजला. डायलिसिस सेंटरमधल्या सिस्टर होत्या. "अक्का निघाल्या का? मशीन लावून ठेवलंय, अर्धा तास झाला." घर माणसांनी भरलं होतं. मी फोन घेऊन गच्चीवर गेले आणि त्यांना सांगितलं. फोनमध्ये मागून, शेजारच्या पलंगावरच्या जमीलभाईंचा आवाज आला, "क्या बोलरे? अक्का किधर है?" मग बराच वेळ नुसती मशीनची घरघर... तीन वर्षं, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास जी माणसं अक्काच्या शेजारी पडून होती, त्यांना कळवायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. मलाही नाही. आणि मी तर दर वेळी तिथं असायचे.

दीड महिन्यानं हे लिहायला बसलेय, कारण राग अजून उतरलेला नाही. पाचव्या दिवशी भेटायला आलेल्या नात्यातल्या एक बाई चहा पिता पिता म्हणाल्या, "शेवटी शेवटी गेमच्या नादी लागली होती म्हणं. या वयात... एकटं पडलं की माणसाचं असं होतं बघा." बाकीच्यांनी माना हलवल्या. मी रिकामे कप उचलून आत निघून गेले, नाहीतर सुतकाच्या घरात भांडण झालं असतं. तेव्हा गिळलं ते आता बोलते.

सुमनअक्का माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, माझी नणंद. तिचा नवरा तरुणपणीच गेला, मुलगा अमोल तेव्हा चार वर्षांचा. त्यानंतर ती पैठण रोडच्या गाड्यांवर कंडक्टर झाली आणि वीसेक वर्षं तिनं तेच काम केलं. बाजाराच्या दिवशी बिडकीनला गाडी गच्च भरायची. पाय ठेवायला जागा नसताना अक्का दारात उभी राहून म्हणायची, "सरका की जरा, तिघांत चौथं बसतंय. कुणी घर बांधायला नाय आलं इथं." आणि माणसं सरकायची. खाली उभी राहिलेली म्हातारी सोडून तिनं बेल मारल्याचं मला कुणी सांगितलेलं नाही. अशी बाई एकटी पडली होती म्हणे.

रक्तदाबानं किडन्या गेल्या. नोकरी सुटली, ती आमच्याकडे गारखेड्याला राहायला आली आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार, अकरा ते तीन, असं डायलिसिस सुरू झालं. मी घरीच शिवणकाम करते, त्यामुळे सोबतीला मी. पहिलं वर्ष फार वाईट गेलं. डाव्या हातात दोन जाड सुया, तो हात चार तास हलवायचा नाही. दिवसाचं पाणी मोजून. अक्का भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत पडायची. मी काही बोलायला गेले की म्हणायची, "वैशाली, नको बोलू. बोलल्यानं काटा हळू सरकतो." तिच्या उजवीकडच्या पलंगावर शहागंजातले जमीलभाई असायचे. घड्याळं दुरुस्त करणारे, साठी ओलांडलेले. तेही त्याच घड्याळाकडं बघायचे. वर्षभर ही दोन माणसं एकाच घड्याळाकडं बघत शेजारी शेजारी पडून होती आणि बोलणं काय, तर "आली का लाइट" एवढंच.

अमोल बेंगळुरूला नोकरीला. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आला तेव्हा त्यानं आईला गेमचं एक मशीन आणून दिलं, वहीएवढं, मधे पडदा आणि दोन्ही बाजूंना बटणं. सोबत वर्षाची मेंबरशिप, ती पुढंही तोच भरत राहिला. तिच्यात शेकडो खेळ आणि ती कुटुंबातल्या चार जणांना मिळून वापरता यायची, फोनवरसुद्धा. अमोल, अक्का आणि दोन जागा रिकाम्या. पहिल्या दिवशी सेंटरमध्ये अक्कानं मशीन मांडीवर घेतलं आणि लगेच लक्षात आलं, की याला दोन हात लागतात. डावा अंगठा चालवायला, उजवा उड्या मारायला. तिनं ते पिशवीत टाकायला माझ्याकडं दिलं. तेवढ्यात जमीलभाई म्हणाले, "अक्का, वो बाजू के तुकडे निकलते दिखरे. मेरेकू दो ना जरा." घड्याळजीच तो. खरंच, दोन्ही बाजूंची बटणं सुटी होत होती. जमीलभाई डावखुरे, म्हणून डॉक्टरांनी त्यांच्या सुया उजव्या हाताला घेतलेल्या. त्यांचा डावा हात मोकळा, अक्काचा उजवा. आणि दोघांचे मोकळे हात नेमके दोन पलंगांच्या मधल्या बाजूला. सिस्टरनी औषधांची ट्रॉली मधे सरकवली, तिच्यावर पडदा उभा केला. डावा तुकडा जमीलभाईंकडं, उजवा अक्काकडं.

पडद्यावर पाठीला टोपली लावलेला एक बुटका गडी होता. बेटावर लाकडं गोळा करायची, ओढे ओलांडायचे, घरं बांधायची. जमीलभाई त्याला चालवायचे, अक्का उडी मारायची. पहिले पंधरा दिवस तो गडी नुसता पाण्यात पडला. "मैं बोलता तब कूदो ना, अक्का." "तुम्ही थांबा की काठावर. गाडी उभी राहिल्याशिवाय कुणी उतरतं व्हय?" शेजारच्या पलंगांवरची माणसं माना उचलून बघायला लागली. मग एका बुधवारी गडी पहिला ओढा ओलांडून पलीकडं गेला आणि त्या दिवशी तीन कधी वाजले ते दोघांनाही कळलं नाही. सिस्टर तिच्या सुया काढत होत्या, मी बघत होते. वर्षात पहिल्यांदा ती घड्याळाकडं न बघता उठली.

समोरच्या पलंगावर सोनाली. अजिंठ्याकडची, सव्वीस वर्षांची. आजार निघाल्यावर सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं ते परत न्यायला आले नाहीत. पहाटेची बस धरून यायची, संध्याकाळी उशिरा घरी पोचायची. तिच्याकडं स्वस्तातला स्मार्टफोन होता, पण त्यावर तो खेळ चालायचा, तोही एका बोटानं. अक्कानं एके दिवशी मला सांगितलं, "वैशाली, त्या दोन जागा हायेत ना आपल्या. जमीलभाईला एक घाल, म्हणजे घरी पण खेळतील. आणि ह्या पोरीला एक." फॉर्मवर नातं विचारलं होतं. अक्का पडल्या पडल्या म्हणाली, "लिही. भाऊ. आणि मुलगी."

इथं मला माझ्याबद्दलही लिहायला हवं, नाहीतर बाकीच्यांवर रागवायचा हक्क नाही मला. त्यातल्या एका जागेवर माझ्या ओंकारचा डोळा होता. अकरावीतला मुलगा, आत्याकडं मेंबरशिप आहे हे त्याला माहीत होतं. मी म्हटलं, "अक्का, आपल्या घरात पोरगा असताना परक्यांना कशाला?" अक्कानं माझ्याकडं बघितलंही नाही. म्हणाली, "ओंकारचे दोन्ही हात मोकळे हायेत. त्याला मैदानावर धाड." मला लागलं ते. दोन आठवडे मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. तिला सेंटरला नेत होते, डबा देत होते आणि तोंड फिरवून बसत होते. ती मात्र समोर सोनालीला ओरडून सांगत असायची, "पोरी, तिकडच्या टेकडीवरून लाकडं आण, आमच्या घराला छप्पर नाय." आणि सोनाली हसायची. त्या मुलीला हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. माझा रुसवा कधी गेला ते मलाच आठवत नाही, पण गेला.

दीडेक वर्ष असं गेलं. त्या बेटावर तिघांनी मिळून अकरा घरं बांधली. मग कंपनीचा ईमेल आला. तुमच्या कुटुंबातले सदस्य वेगवेगळ्या ठिकाणांहून खेळताना दिसतात, कुटुंब म्हणजे एकाच पत्त्यावर राहणारी माणसं, सात दिवसांत पत्त्याचा पुरावा द्या, नाहीतर त्यांना काढण्यात येईल. मजकुराच्या वर हसऱ्या आई-बाप-दोन मुलांचं चित्र होतं. अमोलला फोन केला. तो म्हणाला, "आई, त्यांचं बरोबर आहे गं. ते फॅमिलीसाठीच असतं. तू कोणालाही कसं घेतलंस?" अक्का म्हणाली, "तू तरी कुठं माझ्या पत्त्यावर राहतोस?" तो मीटिंग आहे म्हणाला.

मग तिनं मला हेल्पलाइन लावायला सांगितली. सेंटरमध्येच, सुया लावलेल्या असताना, स्पीकरवर. पलीकडं कुणी तरुण मुलगा होता, मराठी बोलणारा, अगदी नम्र.

"मॅडम, एका घरात राहणारे सदस्यच कुटुंबात धरले जातात."

"बाळा, आठवड्याचे बारा तास आम्ही एका खोलीत पडून असतो. तुझ्या घरची माणसं आठवड्यात किती तास एका खोलीत बसतात?"

"मॅडम, मी समजू शकतो. पण सिस्टिममध्ये पत्ता लागतो."

"मग सेंटरचा पत्ता घाल. पलंग नंबर चार, पाच आणि नऊ."

"तो निवासी पत्ता नाही मॅडम."

अक्का आवाज न चढवता म्हणाली, "समोर एक पोरगी हाय. रेशनकार्डावर तिचं नाव अजून सासरच्या घरात हाय. तिथं तिला पाणी विचारत नायत. तुमच्या हिशोबानं ते कुटुंब. बरं... ठेव." सोनाली समोरून ऐकत होती. तिनं फोन उलटा करून छातीवर ठेवला.

आठव्या दिवशी दोन नावं गेली; अमोल कधी खेळतच नसे, म्हणून त्याचं राहिलं. बेट अक्काच्या नावावर राहिलं, पण जमीलभाईंचं घरी खेळणं बंद झालं आणि सोनालीच्या फोनवर कुलूप आलं. तिनं बांधलेली चार घरं पडद्यावर दिसायची, आत जाता यायचं नाही. मला कुणी समजावून सांगावं, त्या चार घरांमुळं कुणाचं काय बिघडत होतं. मशीनला बांधलेल्या माणसांना चार तास कसे काढायचे ते सापडलं होतं, आणि ते काढून घ्यायला एक नियम पुरला. नियम करणाऱ्यांनी कधी डायलिसिसची खोली पाहिली नसेल, हे मी मान्य करते. पण त्यांना सांगितलं होतं. अक्कानं स्वतः सांगितलं होतं, पलंगाच्या नंबरासकट.

मग अक्कानं जे केलं ते तिच्या स्वभावाला धरूनच. तिनं सिस्टरना विनवून पलंगांची अदलाबदल करवली. एक दिवस जमीलभाई शेजारी, एक दिवस सोनाली. सोनालीचाही उजवाच हात मोकळा, म्हणून तिच्या वेळी उजवा तुकडा दोघी आळीपाळीनं घ्यायच्या आणि डाव्यावर मला बसवलं. मला चालवता येत नव्हतं. दोघी मला बोलायच्या. "वैशाली, डावीकडं म्हणलं. डावं कळत नाय का तुला?" शेवटचे चार महिने असे गेले. लोक त्याला गेमचा नाद म्हणतात.

चौदाव्यानंतर अमोलनं आईची खाती बंद करायला घेतली. बँक, पेन्शन, गॅस आणि हे खेळाचंही. कंपनीनं मृत्यूचा दाखला मागितला. तो पाठवल्यावर दोन दिवसांत खातं बंद, बेट पुसलं गेलं, अकराच्या अकरा घरं. वर शोकसंदेश आला, की या कठीण प्रसंगी आम्ही तुमच्या कुटुंबासोबत आहोत. मी तो वाचला आणि इतके दिवस धरलेलं सगळं अमोलवर काढलं. तासभर बोलत होते. जमीलभाई कोण, सोनाली कोण, हेल्पलाइनला ती काय म्हणाली, तू मीटिंगला गेलास तेव्हा ती किती वेळ फोनकडं बघत होती. तो ऐकून घेत राहिला. शेवटी म्हणाला, "मामी, ती मला कधी बोलली नाही हे." मी म्हटलं, "तू खेळ पाठवलास. कुणाबरोबर खेळतेस, ते विचारलं नाहीस." त्याचे डोळे भरले होते, पण त्या दिवशी मला त्याची दया आली नाही. आता थोडी येते.

बेंगळुरूला परत जाण्याच्या आदल्या दिवशी तो बाजारात गेला आणि एक नवीन खेळ विकत घेऊन आला, छोट्या कार्डावरचा. मशीनमध्ये घातला की झालं. "याला मेंबरशिप लागत नाही, मामी," तो म्हणाला. "कोण कुठं राहतं, हे कुणी विचारणार नाही." मशीन त्यानं माझ्याकडं दिलं.

शुक्रवारी मी ते घेऊन सेंटरला गेले. तीन आठवड्यांनी त्या दारातून आत जात होते. सोनाली अक्काच्या पलंगासमोर, तिच्या जुन्याच जागी होती. अक्काच्या शेजारच्या पलंगावरून जमीलभाईंनी मशीन बघितलं, म्हणाले, "रखो उधर," आणि मान भिंतीकडं वळवली. अक्काच्या पलंगावर एक नवीन पेशंट होते. भांड्यांचं दुकान असलेले, पन्नाशीचे, दुसरीच वेळ. डोळे घड्याळावर, घाम फुटलेला, दर पाच मिनिटांनी सिस्टरना विचारत होते, किती राहिलं. मी मशीन खिडकीत ठेवून निघायच्या बेतात होते. तेवढ्यात समोरून सोनाली बोलली, जरा मोठ्यानं, खोली ओलांडून जाईल अशा आवाजात.

"काका... कोणता हात मोकळाय तुमचा?"

त्यांना कळलं नाही. मग त्यांनी चादरीखालून उजवा हात हळूच बाहेर काढला. जमीलभाईंनी वळून त्या हाताकडं पाहिलं, थोडा वेळ पाहिलं, आणि सिस्टरना म्हणाले, "ट्रॉली बीच में लेव ना जरा."