सुमनमावशींनी शोधलेला कॅमेरा

मागच्या महिन्यात एका सकाळी सुमनमावशींच्या लेकीचा, सोनलचा फोन आला. "ताई, आई गेली..." मी वेड्यासारखं विचारलं, "कुठं गेल्या?" कारण सुमनमावशी नेहमी कुठंतरी गेलेल्याच असायच्या, कामशेतला कुणाच्या दुकानात, नाहीतर लोणावळ्यात एखाद्या हॉटेलात, बंद पडलेला लॅपटॉप बघायला. "झोपेतच गेली, ताई," सोनल म्हणाली, तेव्हा मला कळलं. हृदय थांबलं होतं.

मावशी कार्ल्याच्या. तळेगावच्या एका कारखान्यात त्यांनी वीस वर्षं सर्किट बोर्ड जोडले. तो बंद झाला तेव्हा त्या पंचेचाळिशीच्या होत्या. लोक म्हणाले, आता भात लावा आणि घरी बसा. मावशींनी भात लावला, पण घरी बसल्या त्या पुढच्या खोलीत टेबल टाकून, पेचकस घेऊन. दोनेक वर्षांत हायवेवर बसमधून उतरून कुणालाही विचारा, लॅपटॉपवाल्या मावशी कुठं राहतात, लोक हात करून घर दाखवायचे.

माझी त्यांच्याशी गाठ पडली ती माझ्याच आगाऊपणामुळे. तिकोणा पेठ या गावातल्या अकरा शेतकरी बायकांच्या गटाचं लिखापढीचं काम मी कुसगावातून करते. आमचा इंद्रायणी तांदूळ थेट पुण्यातल्या दुकानांत जाणार की नाही, हे एका ऑनलाइन मुलाखतीत ठरणार होतं. दुपारी तीन वाजता अकराही जणी कॅमेऱ्यासमोर हव्या होत्या, शिवाय पडद्यावर माहिती दाखवायची होती. आणि मी काय केलं? एका कंपनीने वापरून झाल्यावर आम्हाला दिलेल्या लॅपटॉपवर आदल्या दिवशी विंडोज नव्याने टाकलं. सकाळी बघते तर वायफाय नाही, आवाज नाही, टचपॅड नाही, कॅमेरा नाही! दहा वाजता मी कार्ल्यात धडकले. बायकांनाही फोन करून सांगितलं, जीप घेऊन इकडेच या.

"मावशी, सगळंच जळलं का हो?"

"जळलंय का झोपलंय, बघू की. आदी हजेरी घिऊ," म्हणत त्यांनी डिव्हाइस मॅनेजर उघडला. लॅपटॉपच्या आतल्या एकेका भागाची यादी असते ती. चार नावांपुढे पिवळी खूण होती. म्हणजे भाग जागेवर आहे, पण त्याला चालवणारा ड्रायव्हर, तो छोटासा प्रोग्राम, गायब. ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं, आणि वायफायच बंद! मावशींनी स्वतःचा फोन वायरीने जोडला आणि फोनचंच इंटरनेट लॅपटॉपला दिलं. मग लॅपटॉप पालथा करून त्याचा मॉडेल नंबर मला मोठ्याने वाचायला लावला.

"आधी कॅमेऱ्याचं टाका ना," मी घायकुतीला आले होते.

"न्हाई. आदी चिपसेट, सगळ्या भागांचा मुकादम. त्यो बसल्याबिगर बाकीची ऐकायची न्हाईत."

चिपसेट बसला. मग वायफाय. मग टचपॅड. एकेक पिवळी खूण पुसली की मावशी टाळी वाजवायच्या आणि मीही वाजवू लागले. दोन दमलेल्या बायका लहान पोरींसारख्या टाळ्या पिटत होत्या! शेवटी आवाज आला. यादी स्वच्छ झाली. पण कॅमेरा...? त्याचं नावच यादीत नव्हतं. घड्याळात दीड वाजला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि मावशींचे डोळे मात्र चमकले. "रडतीस काय? पिवळी खून असती तर ड्रायव्हर न्हाई म्हनले असते. नावच न्हाई, म्हंजी कुनीतरी मुद्दाम बंद केलाय. कंपनीचा हाय न्हवं ह्यो? काही कंपन्यांत कॅमेरा चालत न्हाई."

त्यांनी लॅपटॉप पुन्हा सुरू केला आणि विंडोज यायच्या आधीच एक बटण पटापट दाबलं. साध्या अक्षरांचा एक पडदा उघडला. तिथं लॅपटॉपच्या अगदी मुळाच्या सेटिंग असतात, हे मला त्या दिवशी कळलं. इंग्रजी ओळींवरून बोट फिरवत त्या खाली खाली गेल्या आणि थांबल्या. कॅमेरा, बंद. एक खूण केली, जतन केलं, पुन्हा सुरू केलं आणि कॅमेरा उघडला. कॅमेऱ्याशेजारचा बारीक दिवा लागला आणि पडद्यावर मावशींचं भलंमोठं कपाळ दिसलं! तेवढ्यात जीप दारात आली. सगळ्यात पुढच्या कमळाबाई पडद्याकडं बघून ओरडल्या, "अगं बया, ही मी हाय व्हय?"

तीनला मुलाखत सुरू झाली, आणि चार्जरची पिन ढिली निघाली. बॅटरी जुनी; पिन हलली की लॅपटॉप बंदच. मावशी टेबलाखाली शिरल्या आणि हात वर करून पिन धरून बसल्या. पाऊण तास! वर आमच्या बायका बियाण्यांवर, खाचरांवर भरभरून बोलत होत्या. समोरून होकार आला तेव्हा घरात एकच कल्ला झाला आणि टेबलाखालून आवाज आला, "आता सोडू का गं?" त्या दिवसाच्या फोटोत आम्ही सगळ्या आहोत. मावशी नाहीत; त्या सोनलकडून पाय चोळून घेत होत्या.

पुढची पाच वर्षं मी सवड मिळेल तशी त्यांच्या टेबलाशी बसत गेले. कितीतरी शिकले. अंदाज करायचा नाही, बघायचं, एवढं तर नक्कीच.

त्यांच्या तेराव्यानंतर सोनलने मला बोलावलं. लोकांचे लॅपटॉप पडून होते, ते परत करायचे होते. शेवटचा लोणावळ्याच्या एका निवृत्त शिक्षिकेचा. मावशींच्या अक्षरात चिठ्ठी होती: 'माईक दिसत नाही.' मी बाह्या सरसावल्या, यादी उघडली... माईक होता! आवाज नोंदवायच्या प्रोग्राममध्ये सहा फायली होत्या. पाच लावल्या. नुसती शांतता. सहावी लावली.

"ह्यॅलो, ह्यॅलो... येतंय का आइकू? येतंय की! आलं, आलं! सोने, च्या टाक गं!"

सोनल आतून धावत आली. मी पुन्हा लावलं. तिने तोंडावर हात धरला, आणि मग आम्ही दोघी रडता रडता हसत सुटलो. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर ती डोळे पुसत उठली.

"आले गं आई," म्हणाली, आणि आत जाऊन तिने चहा टाकला.