कंपाउंडरांची गस्त

"उभं ऱ्हा, म्हंजी कळंल."

आमच्या दवाखान्यातले कंपाउंडर असं म्हणाले की रोग्याने खुशाल समजावं, आपल्याला नाटकात काम मिळालं. तोंडी समजावण्यावर त्यांचा काडीइतकाही विश्वास नव्हता. जंत म्हणजे काय हे सांगायला त्यांनी चार धडधाकट माणसांना ओसरीवर पालथं पाडून वळवळायला लावलं होतं. बद्धकोष्ठासाठी एका जाडजूड पुढाऱ्याला दारात रोवून उभं केलं आणि मला, म्हणजे डॉक्टरला, अर्धा तास बाहेर ताटकळत ठेवलं. तुम्ही असता तर चिडला असता. मीही चिडायचो, पण त्यांनी दिलेलं औषध मात्र लोक न चुकता घ्यायचे.

हे सोनईजवळच्या एका खेड्यातलं, दुष्काळाच्या वर्षातलं. गावात दहा वर्षांची एक मुलगी होती. तिला मधुमेह होता. रोज सकाळी आजोबा तिला इन्शुलिनच्या सुईसाठी घेऊन यायचे. सुईने पोर टुणटुणीत झाली आणि तिथेच घोटाळा झाला. एके दिवशी आजोबा म्हणाले, "पोर बरी झाली. पुढल्या बाजारापासनं सुई बंद."

मी समजावलं, ओरडलो, सुई थांबली तर मुलगी जाईल हेही सांगितलं. आजोबा ढिम्म. "चार सुयात ताप जातो, डाक्टर. ही सा म्हैने झालं घेतीय!"

वैतागून मी एका मासिकात वाचलेलं कंपाउंडरांना सांगत बसलो. स्वादुपिंडातल्या काही पेशी इन्शुलिन बनवतात. लहान मुलांच्या मधुमेहात त्या पेशींभोवती सूज आढळते. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच तिथे घुसून त्यांना मारत असाव्यात, असा संशय आहे.

"घरचेच मारत्यात?" कंपाउंडर चमकले. "अवं, ही तर आपली गस्त!"

त्या वर्षी चोरांच्या भीतीने गावाने गस्त सुरू केली होती. गस्तवाल्यांनी आजवर पकडलेला एकमेव चोर म्हणजे गावचाच जावई होता. त्याला यथेच्छ बडवून झाल्यावर ओळख पटली होती.

बाजाराच्या दिवशी ओसरीवर गुळाच्या ढेपा आल्या.

"आजोबा, उभं ऱ्हा, म्हंजी कळंल. ह्यो गूळ म्हंजी रगतातली साखर. तुमी इन्शुलिनची पेशी. गूळ उचलून घरात न्यायचा, ह्ये तुमचं काम."

आजोबा ऐटीत कामाला लागले. तेवढ्यात खरेखुरे गस्तवाले काठ्या घेऊन "चोर! चोर!" करत आले. हळू मारायचं ठरलं होतं, पण जावयाच्या प्रकरणात गेलेली अब्रू त्यांना बहुधा त्याच दिवशी परत मिळवायची होती. फेटा एकीकडे, आजोबा दुसरीकडे.

"आता गूळ कोन नेनार?" कंपाउंडर ओरडले.

"मला काय इचारतोस? मी मेलो की!" आजोबा जमिनीवरूनच म्हणाले.

"उद्या उठाल?"

"मेलेला मानूस उठतो व्हय?"

"मग रोज भाईरनं गडी आनाया लागंल?"

"लागंल की!"

"ह्यो घ्या गडी." कंपाउंडरांनी इन्शुलिनची बाटली त्यांच्या नाकासमोर धरली.

आजोबा बाटलीकडे पाहत राहिले, मग नातीकडे. ती हसून हसून लोळत होती. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "टोच," ते म्हणाले.

पुढे कंपाउंडरांची बदली झाली. जाण्याआधी महिनाभर त्यांनी आजोबांकडून वांग्यांना सुया टोचून घेतल्या. निघायच्या सकाळी एसटी उभी होती, आणि पारावर आजोबा पहिल्यांदाच स्वतः नातीला सुई देत होते. अख्ख्या पंचक्रोशीला सुया टोचलेले कंपाउंडर तेवढा वेळ पाठ फिरवून, डोळे घट्ट मिटून उभे राहिले.

"झालं," आजोबा म्हणाले.

तोवर एसटी कंपाउंडरांची वळकटी घेऊन सुटलीही होती. ते तिच्यामागे धावले, पण तोंड आमच्याकडे करून, उलटे. "तिला जेवाया घाला! सुई झाली की जेवाया घाला, न्हाईतर साखर लई उतरंल!"

वळणापलीकडे ते दिसेनासे झाले तरी आवाज येत होता. एसटी त्यांना मिळाली की नाही, हे बघायला कुणी गेलं नाही. आम्ही सगळे पोरीभोवती बसून तिचा एकेक घास पोटात जाताना पाहत होतो.