मिलिंदचा कावळा

फोन आला तेव्हा मी ड्रायरमधून कपडे काढत होते. ताईचे यजमान, आमचे डॉक्टर भाऊजी, एवढंच म्हणाले, “मिलिंद गेला.” हायवेवर कुणाची तरी बंद पडलेली गाडी बाजूला घ्यायला माझा भाचा उतरला होता, मागून ट्रक आला… मला रडू यायच्या आधी रागच आला. शंभरदा बजावलं होतं, असा भर रस्त्यात उतरत जाऊ नकोस. तर म्हणायचा, “मावशी, दॅट्स द जॉब.” डोंबलाचा जॉब.

कार्टं पहिल्यापासून हट्टी. इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून पोलिसात गेला. भाऊजींनी बोलणं टाकलं नाही, पण सांता क्लारातल्या एकाही मराठी घरात ते कळू दिलं नाही. कुणी विचारलं की, “गव्हर्नमेंटमध्ये आहे.” एका गणपतीला तो ड्यूटीवरून थेट आला, तर भाऊजींनी दारातच त्याच्या युनिफॉर्मवर आपला स्वेटर चढवायला लावला. आणि हा शहाणाही तो घालून घामाघूम होत मोदक खात बसला. दोघांचाही असा संताप आला मला.

दहाव्याला पार्कात पिंड ठेवले. आमचे गुरुजी म्हणजे एरवी चिप कंपनीतले इंजिनिअर. झाडावर कावळे ढीगभर, खाली एक उतरेना. इथल्या कावळ्यांना फ्रेंच फ्राइज मिळतात, भाताला कोण विचारतो? तरी रीतीप्रमाणे, त्याची काय इच्छा राहिली असेल ते ओळखून एकेकाने शब्द द्यायला सुरुवात केली. ताई म्हणाली, “तुझ्या बाबांना सांभाळीन.” मी म्हटलं, “बाबा रे, तुझी मोटरसायकल विकणार नाही.” कावळे ढिम्म. मग सगळे भाऊजींकडे बघायला लागले. ते हात जोडून म्हणाले, “मी सगळ्यांना सांगेन, तू पोलिस होतास.”

तरीही नाही आला कावळा. शेवटी गुरुजींनी दर्भाचा करून शिववला.

भाऊजी मात्र तेव्हापासून सांगत सुटलेत. पेशंटना सांगतात, मंडळातल्या लोकांना थांबवून सांगतात. काल दूध घ्यायला गेलो, तर काउंटरवरच्या अनोळखी मुलीला म्हणाले, “माय सन वॉज अ पोलिस ऑफिसर.” ती बिचारी गडबडून सॉरी म्हणाली. गाडीत बसल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, “भाऊजी, हेच तो असताना एकदा म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?”

ते दुधाचा कॅन मांडीवर घेऊन बसले होते.

“वाटायचं, कंटाळून सोडेल,” ते म्हणाले. “चारचौघांत सांगितलं असतं ना, तर त्याने ती नोकरी कधीच सोडली नसती…”