गोरखचिंचेच्या जामिनासाठी मिरकरवाड्याला

"शिकलेली आहेस तर सांग, ही गोरखचिंच विषारी आहे का?" सरपंचांनी भर बैठकीत विचारलं.

मला उत्तर येत नव्हतं. तसंच सांगितलं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. घरातली पहिली पदवीधर मी, तीही वनस्पतिशास्त्राची! गावातल्या तीन पोरांनी झाडाखाली पडलेलं त्याचं फळ, म्हणजे बोंड, फोडून खाल्लं आणि त्यांचे ओठ फोडांनी भरले. झाड मूळचं आफ्रिकेतलं, एवढंच मी पुस्तकात वाचलेलं. आठजणींनी हात धरले तरी बुंध्याला वेढा पडत नसे. सोमवारी त्यावर कुऱ्हाड चालणार होती.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात इब्राहिमचाचा म्हणून म्हातारे खलाशी आहेत, त्यांनी आफ्रिका पाहिलीय, असं कुणीतरी म्हणालं. शनिवारी पहाटे निघाले. पोरांनी खाल्लेल्या बोंडाची करवंटी पिशवीत आणि राखणीला आत्या.

आमचं गाव वेळणेश्वरजवळ. एस.टी.ने तवसाळ, तरीने खाडी ओलांडून जयगड, पुन्हा एस.टी.ने रत्नागिरी. आता खाडीवर फेरीबोट आहे, गाडीसुद्धा चढते. तेव्हा गुडघाभर पाण्यात उतरून होडीत चढावं लागे. जायचं तर माघात जा. गोरखचिंचेची पानं गळलेली असतात आणि उघड्या फांद्यांना मखमली बोंडं लोंबत असतात. होडीत छत्री मात्र उघडू नका. आत्याची खाडीला अर्पण झाली.

"पदवी तुझी आणि छत्री माझी गेली गो," ती रत्नागिरीपर्यंत ऐकवत होती.

बंदरावरच्या खानावळीत बांगड्याचं तिखलं आणि भात खाल्ल्यावर तिचा राग उतरला.

चाचा धक्क्यावर जाळं विणत बसले होते. मी करवंटी पुढे केली. त्यांनी ती फिरवली, देठापाशी अंगठा घासला, हुंगली आणि हसत सुटले.

"बेटी, ही झाडावरून पडलेली नाय. ही जाळ्याची आहे. हा दोरीचा काच बघ."

पूर्वी प्लॅस्टिकचे गोळे नव्हते. जाळं तरंगावं म्हणून त्याला सुकं बोंड बांधत. पाणी आत शिरू नये म्हणून वरून काय लावत, सांगा बघू, असं चाचांनी विचारलं.

"काजूच्या टरफलाचं तेल," आत्याच पुटपुटली.

आमच्याकडे काजू भाजणाऱ्या बायकांच्या हातांची त्या तेलाने सालटी निघालेली मी लहानपणापासून पाहत होते. गावातले कोळी जाळी त्याच झाडाच्या सावलीत वाळवतात, हेही. पण मी चार दिवस पुस्तकांत विष शोधत बसले. करवंटी हुंगून पाहिली नव्हती.

"बी.एस्सी.त नाक वापरायला शिकवत नाय काय?" आत्या म्हणाली. चाचा इतके हसले की सुई हातातून पडली.

मग त्यांनी घरून ताजं बोंड आणवलं. आत खडूसारखा पांढरा गर. तो पाण्यात कोळून, गूळ-मीठ घालून पेले भरले. आंबट, गार, किंचित पिठूळ. "मोंबासाला आया तापात हेच पाजतात. बिया साखरेत घोळवून पोरं चघळतात. पण गर पांढरा, कोरडा असला तरच. ओला, काळा पडलेला, बुरशीचा फेकायचा. आणि आधी थोडाच घ्यायचा, कुणाच्या पोटाचा काय भरवसा?"

आम्हाला निरोप देताना त्यांनी चार बोंडं पिशवीत कोंबली.

रविवारी संध्याकाळी बैठक झाडाखालीच भरली. मी करवंटीवरचा दोरीचा काच दाखवला आणि काजूच्या तेलापासून गराच्या सरबतापर्यंत सगळं सांगितलं. ज्याचे ओठ सर्वांत जास्त सुजले होते त्याची आई पुढे आली, करवंटी हुंगली आणि पोराकडे वळली. "मेल्या, जाळ्याचं बोंड फोडलंस?" त्याने मान खाली घातली.

त्या प्रवासातलं माझ्याजवळ काय उरलं? "माहीत नाही" म्हटल्यावर गप्प बसायचं नसतं, पिशवी उचलून निघायचं असतं, एवढं. चाचांना साधी सही येत नव्हती. माझी पदवी त्यांच्या अंगठ्यापुढे त्या दिवशी बरीच लहान झाली, आणि त्याचा मला आनंदच झाला.

त्या बैठकीत सरपंचांचं समाधान मात्र झालं नव्हतं. "सांगणं सोपं आहे. उद्या चौघांसमोर स्वतः पिऊन दाखव, मग कुऱ्हाड थांबवतो."

"उद्या कशाला, भाऊ? काल मिरकरवाड्यात एक पेला प्यायले, आज सकाळी दुसरा. आणि बैठकीला येण्याआधी घरी माझ्या आईने आणि मी तिसरा अर्धा-अर्धा घेतला."