निळ्या दोऱ्याचा जोड

डावरीच्या गॅरेजमध्ये इंजिन उघडत नाहीत, टायर बदलत नाहीत आणि फुकट सल्लाही मिळत नाही. तिथे फक्त गाड्यांचं वायरिंग होतं. टायरवाल्याच्या दुकानाला लागून एक लांबट खोली, भिंतीवर खिळ्यांना अडकवलेली रंगीबेरंगी वायरींची भेंडोळी, आणि खिडकीखाली वडिलांच्या वेळचं लाकडी टेबल. ती पक्कड डाव्या हातात धरते म्हणून वडिलांनी लहानपणी ठेवलेलं हे नाव तिला कायमचं चिकटलं. आता साठीला टेकली, तरी गिऱ्हाइकं तोंडावर ताई आणि पाठीमागे डावरी म्हणतात. तिला दोन्ही चालतं. चालत नाही ते एकच, केलेलं काम परत येणं. "माझ्या हातची गाडी त्याच तक्रारीसाठी कधी परत आली नाही," हे ती दिवसातून एकदा तरी म्हणते, आणि बॅटऱ्यांचं काम बघणारा तिचा धाकटा भाऊ वाक्य पाठ असल्यामुळे तिच्या पाठीमागे नुसते ओठ हलवतो.

बढाई असली तरी पोकळ नव्हती. लांबलांबच्या जुन्या गाड्या तिच्याकडे यायच्या, कारण जुनी वायर जशी होती तशी, त्याच रंगाची, त्याच वाटेने परत टाकणारी माणसं आता फारशी उरली नाहीत.

तर अशीच एक गाडी एका सकाळी ट्रकवरून उतरली. गोल दिव्यांची, बुटकी, नुकताच गर्द हिरवा रंग दिलेली. इंजिन दुसऱ्या मेकॅनिकने नवीन करून दिलं होतं, वायरिंग तेवढं राहिलं होतं. गाडीबरोबर मालकाचा मुलगा होता आणि खुद्द मालक, निवृत्त मास्तर. ऐंशी पार केलेले, पण शर्टाची घडी अशी, जणू तपासायला कुणी येणार आहे.

"ताई, बाकी काय करायचं ते करा," मास्तर म्हणाले, "पण डॅशबोर्डवरचा तेलाचा दिवा पहिल्यासारखा लागला पाहिजे. पहिल्यासारखा म्हणजे कंपनीने दिला होता तसा."

मुलगा हसला. "ताई, त्यामागे आमच्या घरचं महाभारत आहे. बाबांनी तेल संपलेलं असताना गाडी हाणली आणि इंजिन जाम केलं. चौतीस वर्षं गाडी अंगणात झाकून होती. तेव्हापासून घरात दूध उतू गेलं, की आई म्हणते, दिवा पेटला नव्हता वाटतं!"

"नव्हताच पेटला," मास्तर म्हणाले.

"बघा! आमचे काका, बाबांचे साडू, सगळे अजून हसतात. बाबा एकच धरून बसलेत."

 वर्गाने दंगा केला तर शिक्षक खिडकीबाहेर बघतो, तसे मास्तर रस्त्याकडे बघत राहिले. डावरीला मुलाचा राग आला. गिऱ्हाइकाच्या घरात नाक खुपसायचं नाही हा वडिलांचा नियम होता, म्हणून ती गप्प बसली. तरी मनात म्हणालीच, की चौतीस वर्षं एकच गोष्ट सांगणारा माणूस एक तर हट्टी असतो, नाही तर खरा.

या गाड्यांमध्ये हिशेब साधा असतो. किल्ली फिरवली, की दोन दिवे लागतात. लाल दिवा चार्जिंगचा, हिरवा तेलाचा. इंजिन सुरू झालं आणि तेलाचा दाब आला, की हिरवा विझतो. डायनॅमो वीज द्यायला लागला, की लाल विझतो. गाडी चालू असताना तेल कमी पडलं तर हिरवा पुन्हा पेटतो आणि शहाणा माणूस गाडी तिथेच उभी करतो. दोन दिवे, दोन वायरी, दोन वेगळ्या वाटा.

दुसऱ्या दिवशी डावरी डॅशबोर्डखाली उताणी शिरली. हिरव्या दिव्याची वायर इंजिनाकडे जायला हवी होती. ती वीतभर जाऊन काळ्या टेपमध्ये थांबली होती. तिथून एक तुकडा सरळ चार्जिंगच्या वायरीला जोडलेला.

"अरे, कुठल्या गाढवाने केलंय हे!" ती खालूनच ओरडली. "ऐकतोस का? तेलाचा दिवा चार्जिंगवर टांगलाय! दोन्ही एकदम लागणार, एकदम विझणार. वरून बघणाऱ्याला वाटणार, सगळं ठीक आहे. इंजिनात तेलाचा थेंब नसला तरी हा बाबा पेटायचा नाही. असल्यांचे हात बांधून ठेवायला पाहिजेत."

"म्हणजे मास्तर खरं बोलत होते," भाऊ म्हणाला.

"शंभर टक्के खरं!" तिला इतका आनंद झाला, की मास्तरांना फोन लावायला ती बाहेरच येणार होती. तेवढ्यात जोड पुरता बघावा म्हणून तिने टेप सोलली. आत तारेवर निळा दोरा गुंडाळला होता. शिवणाच्या मशीनचा, घट्ट, एकाला एक लागून. आणि तारेचा पीळ उलटा, डाव्या हाताचा.

ती तशीच पडून राहिली. टेप सुटते म्हणून आईच्या मशीनचा निळा दोरा आतून गुंडाळायची युक्ती एकाच माणसाची होती, तिची स्वतःची. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. वडील तापाने अंथरुणाला खिळलेले. हीच गाडी, तेव्हा पांढरी, एक ड्रायव्हर घेऊन आला होता. तेलाचा दाब ओळखून दिवा लावणारा इंजिनातला स्विच फुटलेला. नवा यायला पंधरा दिवस, आणि मालकाची बदली झालेली, पहाटे निघायचं. तिने एकटीने केलेलं ते पहिलं काम. तात्पुरता जोड मारला, दोन्ही दिवे छान लागले, छान विझले, आणि ड्रायव्हर वा म्हणाला. स्विच आला की गाडी परत बोलावू, असं तिने ठरवलं होतं. स्विच आला तेव्हा गाडी दूर गेली होती. ड्रायव्हरला हे सांगायचं राहिलं की मुद्दाम सांगितलं नाही, हे तिला आता आठवेना, आणि त्याचाच तिला जास्त त्रास झाला.

भावाने चहा आणला. जोड बघितला, दोरा ओळखला, आणि दार लोटून घेतलं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," तो हळूच म्हणाला. "काप आणि नवी वायर टाक. जुन्या जोडाचं कोण विचारतंय?"

"मास्तर विचारतायत. चौतीस वर्षं तेच तर विचारतायत."

"मग सांग, कुणीतरी चुकीचा जोड मारला होता. खोटं थोडंच आहे? तुझं नाव कशाला? साऱ्या बाजारात बोंब होईल. हात दाखवून अवलक्षण करून घेणं आहे हे."

डावरीने चहा घेतला नाही. भाऊ बोलत होता ते व्यवहाराचं होतं हे तिला कळत होतं. गॅरेज चालतं ते तिच्या नावावर. पण "कुणीतरी" म्हटलं तर मुलगा पुन्हा हसणार, बाबांना सोयीचा कुणीतरी सापडला म्हणणार. साक्ष द्यायची तर साक्षीदाराला नाव लागतं. तिने दोन्ही बाजूंना बोटभर वायर ठेवून जोड कापला आणि टेबलावर ठेवला. मग पुढचे चार दिवस तिने जसं काम केलं, तसं आयुष्यात केलं नव्हतं. मूळ रंगाची, कापडी वेष्टणाची वायर मिळवली, कंपनीने नेली होती त्याच भोकांतून, त्याच पट्ट्यांखालून नेली, आणि एकही जोड न देता दिव्यापासून इंजिनापर्यंत अखंड पोचवली.

मास्तर आणि मुलगा आले. तिने मास्तरांना स्टिअरिंगवर बसवलं, किल्ली फिरवायला सांगितली. लाल आणि हिरवा दोन्ही लागले. इंजिन सुरू झालं, हिरवा विझला, आणि जरा अॅक्सिलरेटर दाबल्यावर लाल विझला. मग तिने बॉनेटखाली हात घालून स्विचवरची वायर काढली आणि इंजिनाच्या लोखंडाला टेकवली; तेल कमी पडलं की स्विच हेच करतो. इंजिन धडधडत होतं आणि हिरवा दिवा लख्ख पेटला.

"असा पेटायला हवा होता," ती म्हणाली. "पेटला नाही, कारण तो मीच दुसऱ्या वायरीला जोडला होता. हा बघा जोड. तात्पुरता म्हणून मारला आणि कुणाला सांगितलं नाही. तुमचं इंजिन माझ्यामुळे गेलं, मास्तर."

मुलाने जोड हातात घेतला, उलटसुलट केला. त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं. मास्तरांनी इंजिन बंद केलं, पण स्टिअरिंग सोडलं नाही.

"मला तर आताशा वाटायला लागलं होतं, की पेटला असेल," ते म्हणाले. "माझंच लक्ष नसेल. माणूस किती वर्षं एकटा खरं बोलेल?"

"बाबा," मुलगा म्हणाला, आणि त्याने गाडीचं दार उघडून धरलं.

मास्तर खाली उतरले. डावरीला वाटलं, आता चार शब्द सुनावतील, आणि सुनवायचा त्यांना हक्क होता. त्यांनी खिशातून फोन काढला. "ताई, जे मला सांगितलंत ते माझ्या बायकोला सांगाल?"

तिने सांगितलं. पलीकडून बाईंचा आवाज आला, "त्यांना म्हणावं, लवकर घरी या." मग मुलीला फोन झाला. मग साडूंना, ज्यांनी मध्येच तोडून तीनदा विचारलं, नक्की का? शेवटी मास्तरांच्या थोरल्या भावाला, आणि ते ठार बहिरे.

"जोरात बोला," मास्तर म्हणाले, "दादाला ऐकू येत नाही."

डावरी गॅरेजच्या दारात जाऊन ओरडली, "चूक माझी होती!" टायरवाला हातातला पाना तसाच धरून बाहेर आला. समोरच्या रस्त्यावरची दोन माणसं थांबली. भावाने कपाळावर हात मारला.

"कोण? कोण बोलतंय?" फोनमधून आवाज आला.

मास्तर तिच्या शेजारी ताठ उभे होते. डावरीने टायरवाल्याच्या डोळ्यांत बघत, गॅरेजच्या नावासकट, सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.